पक्षाघातानंतर मेंदूतली गुठळी पूर्ण निघाली, धमनी उघडली, तरी हात आणि वाचा का परतत नाही?

प्रश्न : डिचोलीची वाचक

नमस्कार. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. चवथीनंतर काही दिवसांनी, सकाळी देवपूजेला बसलेले असताना त्यांचा उजवा हात अचानक गळून पडला, तोंड वाकडे झाले आणि बोलणे बंद पडले. आम्ही लगेच १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिकाही वेळेत आली. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाले. रक्तस्राव नाही याची खात्री करून त्यांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यात आले. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी धमनी बंद असल्याचे अँजिओग्राफीत दिसल्यामुळे त्यांना तिथून मोठ्या रुग्णालयात हलवले गेले. तिथे जांघेतून नळी घालून गुठळी बाहेर काढली. डॉक्टरांनी आम्हाला आधीचे आणि नंतरचे चित्र पडद्यावर दाखवले, त्यात बंद असलेली धमनी शेवटच्या फांदीपर्यंत भरलेली दिसत होती. अहवालातही ‘टिकी ३’, म्हणजे प्रवाह पूर्ण सुरू झाला, अशी नोंद आहे.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. सासरे काठी घेऊन एकटे घरात चालतात. परंतु उजव्या हाताची बोटे अजून हलत नाहीत आणि बोलताना दोनतीन शब्दांपलीकडे वाक्य जात नाही. आम्ही काय बोलतो ते त्यांना बहुतेक समजते, म्हणून तर त्यांचा त्रास अधिक आहे असे वाटते.

नात्यातले काही जण म्हणतात की धमनी उघडूनही माणूस असा राहणार असेल तर उपचार फसला. काहींचे म्हणणे असे की पहिल्या ठिकाणी इंजेक्शन देण्यात वेळ गेला, थेट मोठ्या रुग्णालयात नेले असते तर हात वाचला असता. कुटुंबातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी, त्यांची शाखा वेगळी आहे, असेही सांगितले की ही पद्धत मोठ्या चाचण्यांत पूर्वीच अपयशी ठरली होती. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य किती आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. सासूबाईंना मला काहीतरी खरे सांगायचे आहे.

उत्तर : मेंदूविकारतज्ज्ञ, पणजी

मी आपल्या सासऱ्यांचे स्कॅन पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल निदानात्मक असे काही लिहिणार नाही. मात्र आपले प्रश्न फार योग्य आहेत आणि ते दररोज कुठल्या ना कुठल्या अतिदक्षता विभागाबाहेर विचारले जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवात ज्येष्ठ डॉक्टरांच्या म्हणण्यापासून करतो, कारण त्यात इतिहासाचा एक खरा तुकडा आहे. २०१३ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि तिन्हींत नळी घालून केलेल्या उपचाराचा फायदा दिसला नाही. परंतु त्या काळातली उपकरणे जुनी होती, उपचार सुरू व्हायला उशीर होत होता आणि मोठी धमनी खरोखर बंद आहे का हे अनेक रुग्णांत आधी तपासलेच गेले नव्हते. पुढच्या दोन वर्षांत चित्र पालटले. गुठळीला जाळीत पकडून बाहेर ओढणारी स्टेंट रिट्रीव्हर ही नवी उपकरणे वापरून आणि बंद धमनीची आधी खात्री करून नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि अमेरिकेच्या पुढाकाराने पाच चाचण्या झाल्या आणि पाचही यशस्वी ठरल्या. त्यांतल्या १२८७ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. तेव्हा ‘पूर्वीच अपयशी ठरली’ हे वाक्य २०१३ साली बोलता आले असते, आज नाही.

आता ‘यश’ म्हणजे नेमके काय मोजले गेले ते पाहू, कारण आपला खरा प्रश्न तिथेच आहे. तीन महिन्यांनी रुग्ण रोजच्या जगण्यात कुठे उभा आहे, हे ० ते ६ अशा पायऱ्यांच्या मॉडिफाइड रँकिन स्केलवर पाहतात. शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही. दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामे जमत नसली तरी आपले व्यवहार आपण पाहतो. तीन म्हणजे थोडी मदत लागते पण चालतो स्वतः. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि सहा म्हणजे मृत्यू. त्या एकत्रित विश्लेषणात गुठळी काढलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के, तर फक्त औषधोपचार मिळालेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण ० ते २ या पायऱ्यांवर, म्हणजे स्वावलंबी होते. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली तर उत्तम हातांनी, निवडक रुग्णांवर, वेळेत केलेल्या या उपचारानंतरही निम्म्याहून अधिक लोक तीन महिन्यांनी पूर्ण स्वावलंबी नव्हते. हे वाक्य शस्त्रक्रियागृहाबाहेर, संमतिपत्रावर सही घेतानाच, कुटुंबाला सांगितले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ते सांगितले जात नाही, मग धमनी उघडल्याचे चित्र पाहून घरचे लोक पूर्ण बरे होण्याची वाट पाहू लागतात.

तरीही हा उपचार प्रभावी का म्हणायचा? कारण १०० रुग्णांची गुठळी काढली तर त्यांपैकी सुमारे ३८ जणांचे अपंगत्व किमान एका पायरीने कमी होते. वैद्यकशास्त्रात इतका मोठा परिणाम क्वचित दिसतो. जो अंथरुणाला खिळला असता तो काठी घेऊन चालतो, जो काठी घेऊन चालला असता तो पुन्हा दुकानात बसतो. आपल्या वर्णनावरून आपले सासरे आज साधारण तिसऱ्या पायरीवर आहेत असे दिसते. उपचार झाला नसता तर ते कुठे असते, हे एका माणसाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. पण डाव्या बाजूची मोठी धमनी उघडलीच नाही असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतले फार थोडे दीड महिन्यात एकटे चालू लागतात.

मृत्यूंबद्दलही सांगतो, कारण तो प्रश्न मनात असतो पण विचारला जात नाही. त्या चाचण्यांत तीन महिन्यांतले मृत्यूचे प्रमाण १५.३ विरुद्ध १८.९ टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मेंदूत लक्षणे निर्माण करणाऱ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, ४.४ आणि ४.३ टक्के होते. याचा अर्थ हा उपचार मुख्यतः अपंगत्व कमी करतो आणि त्यासाठी रक्तस्रावाचा मोठा जादा धोका पत्करावा लागत नाही.

मग धमनी पूर्ण उघडूनही हात का गेला? मेंदूच्या मधल्या धमनीच्या मुळापासूनच काही केसासारख्या बारीक फांद्या निघून मेंदूच्या खोल भागाला रक्त देतात, आणि हातापायांकडे जाणारे तंतू दाटीने त्याच भागातून उतरतात. वरच्या पृष्ठभागाला शेजारच्या धमन्यांकडून थोडेफार रक्त मिळत राहते, म्हणून तो काही तास तग धरतो. या खोल भागाला मात्र असा शेजार नाही, त्यामुळे तो पहिल्याच तासात मरू लागतो. कुळागरातल्या पाटाचा बांध फोडून पाणी पुन्हा सोडले तरी तोवर वाळून गेलेले रोप हिरवे होत नाही, तसेच हे आहे. मोठी धमनी बंद असताना सरासरी रुग्णाच्या मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. कुणाच्या बाबतीत हा वेग पुष्कळ कमी असतो, तर कुणाच्या बाबतीत फारच जास्त. वय, रक्तातली साखर आणि शेजारच्या धमन्यांची जन्मजात रचना यांवर तो ठरतो आणि यांतले काहीच घरच्यांच्या हातात नसते. शिवाय मोठी धमनी उघडल्यावरही अतिसूक्ष्म वाहिन्या काही ठिकाणी बंदच राहतात, अँजिओग्राफीच्या चित्रात त्या दिसत नाहीत.

राहिला इंजेक्शनचा आक्षेप. इंजेक्शन न देता थेट गुठळी काढली तर चालते का, हे सहा चाचण्यांत तपासले गेले. २०२३ मध्ये त्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा इंजेक्शन गाळणे तितकेच चांगले आहे असे सिद्ध झाले नाही. म्हणून साडेचार तासांच्या आत आलेल्या पात्र रुग्णाला इंजेक्शन देणे आणि ते देऊन पुढे पाठवणे, ही आजची मान्य रीत आहे. थेट मोठ्या केंद्रात न्यावे की जवळच्या, हा प्रश्न स्पेनमधल्या कॅटालोनियात प्रत्यक्ष तपासला गेला. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षात तीन महिन्यांनंतरच्या स्थितीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र तिथली लहान रुग्णालये रुग्णाला तपासून पुढे पाठवण्यात अतिशय तत्पर आहेत, हे विसरता येणार नाही. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण अशा दूरच्या तालुक्यांसाठी माझ्या मते प्रश्न ‘कुठे न्यायचे’ इतकाच नाही. पहिल्या रुग्णालयाच्या दारातून आत आलेला रुग्ण किती मिनिटांत दुसऱ्या रुग्णवाहिकेत चढतो, यावर सगळे अवलंबून आहे. पाच चाचण्यांच्या आकडेवारीतून असा अंदाज निघाला की दारात आल्यापासून धमनी उघडेपर्यंतचा वेळ १५ मिनिटांनी कमी झाला, तर दर १००० रुग्णांपैकी ३९ जणांचे अपंगत्व कमी राहते. १५ मिनिटे कागदपत्रांतच जातात. आपल्या राज्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ईसीजीपासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत साखळी उभी राहिली, तशीच घड्याळावर चालणारी साखळी पक्षाघातासाठी प्रत्येक तालुक्यात हवी.

उत्तर : काणकोणचा रहिवासी

वरील उत्तर वाचून मलाही विचारावेसे वाटले. २०१९ मध्ये माझी आई ८३ वर्षांची असताना पहाटे अंथरुणातच अर्धांगवायू झालेल्या अवस्थेत सापडली. काणकोणहून बांबोळीच्या बाजूला पोहोचण्यात वेळ गेला. स्कॅनमध्ये मेंदूचा मोठा भाग आधीच गेल्याचे दिसले आणि गुठळी काढण्याचा उपयोग होणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. आई पुढे काही महिने अंथरुणावर राहून गेली. हल्ली वाचनात येते की मोठे नुकसान झालेल्या रुग्णांचीही गुठळी काढतात आणि झोपेत झटका आला असला तरी काढतात. मग तेव्हा आमच्याबाबतीत चूक झाली का? हा प्रश्न मनातून जात नाही.

उत्तर : मेंदूविकारतज्ज्ञ, पणजी

आपल्या आईंबद्दल वाचून वाईट वाटले. ज्या पुराव्यावर आज निर्णय बदलले आहेत, तो २०१९ मध्ये उपलब्ध नव्हता. झोपेत किंवा उशिरा लक्षात आलेल्या झटक्याबद्दल २०१८ मध्ये दोन चाचण्या आल्या होत्या. त्यांतल्या ‘डॉन’ या चाचणीत ६ ते २४ तासांच्या दरम्यान गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी झाले, तर औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी १३ टक्के. पण त्या चाचण्यांत ज्यांचा मृत भाग लहान आणि वाचवता येण्याजोगा भाग मोठा होता असेच रुग्ण निवडले होते. आपल्या आईंचे चित्र आपण लिहिता त्याप्रमाणे नेमके उलट होते. मोठे नुकसान झालेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ आणि २०२३ मध्ये आले. जपानमधल्या चाचणीत स्वतः चालू शकणाऱ्यांचे प्रमाण ३१ विरुद्ध १२.७ टक्के होते. २०२३ मध्ये आलेल्या ‘सिलेक्ट २’ या चाचणीत स्वावलंबी होणाऱ्यांचे प्रमाण २०.३ विरुद्ध ७ टक्के होते. फायदा खरा आहे, परंतु या गटात गुठळी काढूनही दर पाचांपैकी चार जण परावलंबीच राहिले किंवा दगावले, हेही तितकेच खरे आहे.

वयाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो, कारण ‘वय झाले, आता कशाला’ असे म्हणून घरचेच लोक मागे हटताना मी पाहतो. २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात ८० आणि त्यापुढील वयाच्या रुग्णांमध्ये २९.८ टक्के स्वावलंबी झाले, तर गुठळी न काढलेल्यांत १३.९ टक्के. तरुणांच्या मानाने आकडे कमी आहेत, पण फायद्याचे गुणोत्तर दुपटीहून अधिक आहे. झटक्याआधी तो माणूस स्वतःचे स्वतः करत होता का, हे वयाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, फोंडा

डॉक्टरांनी धमनीबद्दल सांगितले, मी पुढच्या महिन्यांबद्दल सांगते. रँकिन स्केलवर तीन महिन्यांनी रेघ ओढली जाते ती चाचणीच्या सोयीसाठी असते, सुधारणा त्या दिवशी थांबत नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीतल्या रुग्णांना दोन वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा ३७.१ विरुद्ध २३.९ टक्के स्वावलंबी होते, म्हणजे गुठळी काढल्याचा फायदा टिकून होता. सर्वाधिक वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. पाय आधी आणि हाताची बोटे सर्वांत शेवटी, हा क्रम आम्ही बहुतेक रुग्णांत पाहतो. दीड महिन्यानंतरही बोटांत हालचालीचा अंशही नसेल तर हाताची सूक्ष्म कामे पूर्वीसारखी होण्याची शक्यता कमी असते, हे मी लपवणार नाही. तरीसुद्धा खांदा आणि कोपर यांचे काम सोडू नये. त्या हाताला धरून त्यांना उठवू नका, कारण सैल पडलेला खांदा ओढल्याने निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. तेल लावून जोराने चोळणाऱ्यांकडे नेण्याचा आग्रह नातेवाईक करतील. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण ताणाताणी नको.

गिळण्याबद्दलही विचारते. पाणी किंवा पातळ पेज पिताना त्यांना ठसका लागतो का? लागत असेल तर पेज घट्ट करून, ताठ बसवून, चमच्याने द्यावी आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. झटक्यानंतर फुप्फुसात अन्न गेल्याने होणारा न्यूमोनिया चांगल्या रीतीने झालेल्या उपचारावर पाणी फिरवतो.

वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट हवाच, आणि सराव ते घरी जी भाषा बोलतात त्या भाषेतून व्हायला हवा. घरी कोकणी आणि वाचन मराठीतून असेल तर थेरपिस्टला दोन्ही गोष्टी सांगा. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ उलटलेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास सराव दिला, तेव्हा त्यांचे दैनंदिन बोलणे सुधारले. म्हणजे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. परंतु आठवड्यातून एकदा अर्धा तास हा सराव नव्हे. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांत सहज जमण्यासारखी आहे. ज्यांना साधे वाक्य जुळवता येत नाही, त्यांना लहानपणापासून तोंडी असलेले अभंग किंवा आरती पुष्कळदा सुरात म्हणता येते. आपले सासरे भजनाला बसत असतील तर त्यांना पुन्हा तिथे नेऊन बसवा. शब्द सुटले नाहीत तरी चालतील. गाणे म्हणता येणे म्हणजे बोलणे परत आले असे नव्हे, पण माणूस लोकांत राहतो, आणि या आजारात एकटे पडल्याने येणारे नैराश्य मी हाताच्या कमजोरीइतकेच नुकसान करताना पाहिले आहे. रँकिन स्केल ते मोजत नाही.

उत्तर : डिचोलीची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. पाणी पिताना त्यांना अधूनमधून ठसका लागतो, हे आम्ही किरकोळ समजत होतो. उद्याच तपासणीसाठी वेळ घेते. ते गावच्या देवळात भजनाला नेमाने बसत असत.

एकच प्रश्न राहिला. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे रुग्णालयात कळले आणि गुठळी तिथूनच आली असावी असे सांगून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली आहे. दात घासताना थोडे रक्त येते म्हणून सासूबाई ती गोळी मधूनमधून चुकवतात. आणि पुन्हा झटका आला तर गुठळी काढण्याचा उपचार दुसऱ्यांदा करता येतो का?

उत्तर : मेंदूविकारतज्ज्ञ, पणजी

गोळी कृपया एक दिवसही चुकवू नये. अनियमित ठोक्यांच्या या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. नव्या गोळ्यांचा परिणाम एका दिवसातच उतरतो, त्यामुळे चुकवलेला दिवस म्हणजे संरक्षण नसलेला दिवस. अपिक्सॅबान या गोळीची ॲस्पिरिनशी तुलना करणाऱ्या २०११ च्या चाचणीत पक्षाघात आणि शरीरात अन्यत्र गुठळी जाणे यांचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, आणि गंभीर रक्तस्रावात लक्षणीय वाढ झाली नाही. हिरड्यांतून येणारे किंचित रक्त गंभीर रक्तस्रावात मोडत नाही. मऊ ब्रश वापरा, दंतवैद्याला दाखवा, आणि दात काढायचा असेल तर गोळी थांबवायची की नाही हे आम्हाला विचारून ठरवा. शौचाला काळे होणे, लघवीतून रक्त येणे किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काही झाले तर मात्र लगेच रुग्णालयात यावे.

गुठळी काढण्याचा उपचार पुन्हा करता येतो. या गोळीवर असलेल्या रुग्णाला विरघळवणारे इंजेक्शन सहसा देत नाहीत, पण नळीने गुठळी काढण्यास ही गोळी आड येत नाही. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि शेवटचे ठणठणीत कधी पाहिले, या दोन वेळा १०८ च्या कर्मचाऱ्यांना आणि रुग्णालयात पोहोचताच तिथल्या डॉक्टरांना सांगा. औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत आणि पहिल्या उपचाराचा अहवाल दाराजवळ, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल अशा जागी ठेवा. स्कॅन होण्याआधी घरात ॲस्पिरिन किंवा जिभेखालची गोळी देऊ नका आणि तोंडाने पाणीही पाजू नका.